टँकरची तारीख

बजाजनगरातली रत्नमाला वेबसाइट बनवायची. दुष्काळाच्या साली तिनं बिडकीनकडच्या गावांसाठी टँकरच्या वेळापत्रकाची साइट काढली. गावोगावची माणसं तारखा भरत. कुणी '५/४' लिही, कुणी 'पाच एप्रिल'. साइटनं ५/४चा चक्क चार मे केला.

गावाकडून चंपामावशीचा फोन आला, "अगं, महिनाभर पाणीच नाय व्हय?"

रत्नमाला ओशाळली. दोन दिवस बसून तिनं जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही साइटला जोडता येईल असा कोडचा तुकडा, लिहिली. कुणी कशीही तारीख भरो, साइटवर 'मंगळवार, ५ एप्रिल' असंच उमटू लागलं. मंगळवारी मावशीच्या घागरी भरल्या.

रत्नमालानं ती लायब्ररी सगळ्यांसाठी फुकट नेटवर ठेवली आणि तिचं नाव ठेवलं 'चंपा'.

"मी तिथं काय करते गं?" मावशीनं विचारलं.

"तारखा निवडतेस."

"तांदळासारख्या? मग जमंल मला!"