एक जूनची नोंद

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांमध्ये एक जून हा सणच होता. निम्म्या माणसांचा वाढदिवस त्या दिवशी. आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी कोऱ्या रकान्यात एक जून भरून मोकळे व्हायचे. माझ्या दाखल्यावरही एक जूनच आहे. आई सांगायची, तू भाताच्या लावणीत झालीस, म्हणजे जुलै धरा. पण एकतीस मेला माझी नोकरी संपली आणि शाल-नारळ घेऊन मी घरी आले, ती त्या खोट्या तारखेच्याच हिशेबाने. कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून आम्ही त्यावर हसायचो आणि पुढच्या पोरांच्या नावापुढे तेच लिहायचो.

ज्याचं बिघडलं त्याच्याबद्दल लिहिते आहे. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण खाई त्याला खवखवे, तसं झालंय माझं.

रत्नागिरीपासून एसटीने तासाभराच्या वाटेवर एका वाडीत माझी शाळा होती. दोन शिक्षक, दोन खोल्या. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला. दरवर्षी एखादं बिऱ्हाड पोरांसकट तिकडे जायचं आणि आमचा पट खाली यायचा. एका वर्षी नेमकं एक पोर कमी पडत होतं. पट भरला नाही तर दुसरे गुरुजी जाणार, त्यांच्यामागून शाळाही जाणार, आणि पोरांनी पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जायचं. मला ते पटणारं नव्हतं. मी मुळात हट्टी, त्यात शाळा म्हणजे माझी शाळा.

शाळेला लागून एक घर होतं. तिथलं धाकटं पोर बहिणीच्या मागोमाग येऊन वर्गात बसायचंच. साडेचार वर्षांचं. पाटीवर रेघोट्या ओढायचं आणि खिचडीच्या वेळी सगळ्यात आधी ताटली घेऊन उभं राहायचं. पहिलीला पाच पूर्ण लागत. मी जनरल रजिस्टर उघडलं आणि त्याच्या नावापुढे एक जून लिहिलं. सहा महिन्यांचा तर प्रश्न होता.

बाकीच्या पोरांची तारीख मला माहीत नसायची. याची होती, पक्की. मी त्याच घराच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायची. दर वर्षी सहा डिसेंबरला मी दादरला जाते, बाबासाहेबांना वंदन करायला. हा झाला त्या वर्षी सात तारखेला सकाळच्या गाडीने परत आले, तर सुईण खळ्याच्या कडेला हात धूत होती आणि आतून पोराचं रडणं येत होतं. पहाटेच झालं होतं. संध्याकाळी मी ते माझ्या वहीत लिहून ठेवलं. वाडीत पोर जन्मलं की मी लिहायची, पुढे पहिलीला कोण कधी येणार ते कळावं म्हणून. ग्रामपंचायतीत नोंद करायला त्या घरातला म्हातारा जाणार होता, तो आज जातो उद्या जातो करत राहिला आणि मग सगळेच विसरले. पोराच्या आईला विचारलं तर ती म्हणायची, देवदिवाळीच्या आगंमागं.

पट भरला. शाळा राहिली. वाडीने सत्यनारायणाच्या मांडवात माझा सत्कार केला आणि 'बाईंनी शाळा राखली' असं एकाने भाषणात सांगितलं. मला ते फार आवडलं होतं, हेही सांगून टाकते.

पोरगा सातवीपर्यंत माझ्याकडे होता. वाईट नव्हता, चांगलाही नव्हता. कुणी पुढे चाललं की त्याच्या मागे जायचा. बोरं पाडायला जावो नाहीतर वर्गातल्या लंगड्या पोराचं दप्तर पळवायला, हा आपला रांगेत शेवटी. मी त्याला चिडवायची, तुला स्वतःचं डोकं देवाने दिलंय की नाही रे. तो हसायचा.

मी निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आले आणि पुढच्याच नवरात्रात ते झालं. मंडळाच्या गरब्यात कुणीतरी नाचताना पडला. दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ मोबाइलवर स्टेटसला टाकला आणि खाली काहीतरी लिहिलं. एवढंच. ज्याने स्टेटस टाकलं, तोही माझाच विद्यार्थी, याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शाळेत घंटा द्यायचं काम त्याच्याकडे असायचं. नाचताना पडलेला, त्याचे तीन दोस्त आणि मागोमाग हा, असे पाच जण मिळून त्याला गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, सड्यावर घेऊन गेले, बोलायचं आहे म्हणून. क्रिकेटचे स्टंप होते आणि एक लोखंडी पाइप होता. मारतानाचा व्हिडिओ त्यांनी स्वतःच काढला.

तो व्हिडिओ मी पाहिला आहे. पोरगा पडल्यावर चार जण थांबतात. त्यानंतर दोन फटके बसतात ते याचे आहेत. रांगेतल्या शेवटच्याचे. मला तेव्हा दया वगैरे काही आली नाही. समोर असता तर कानफटवला असता.

मार खाल्लेला पोरगा जगला. पण त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेला दोन ऑपरेशनं झाली. आता तो घरी असतो.

तीन वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा याची आई माझ्याकडे आली. दारातच बसली, वर येईना. म्हणाली, "बाई, वकील इचारतो पोराचं वय खरंच अठरा व्हतं काय. मी सांगितलं, शाळेत बाईंनी घातलं तेव्हा तो ल्हान व्हता. वकील म्हणतो, बाई येऊन सांगतील तर काय तरी व्हईल." तिला कायद्यातलं काही कळत नव्हतं, मला वकिलाने फोनवर समजावलं. अठराच्या आत ठरला तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, तिथे फार तर तीन वर्षं सुधारगृह. नाही ठरला तर बाकीच्या चौघांबरोबर, आणि कलमं जबर होती.

मी बोटांवर मोजलं. माझ्या एक जूनप्रमाणे त्या नवरात्रात तो अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. वहीतल्या सात डिसेंबरप्रमाणे दोन महिने कमी होते.

"येते," मी तिला सांगितलं. "जे आहे ते सांगते."

तिने उठून माझ्या पायांना हात लावला.

आमचे हे पंचायत समितीत क्लार्क होते. जन्मभर फायली हलवलेला माणूस. रात्री जेवताना ते म्हणाले, "जा, पण नीट ऐक. कागद नव्हता, अंदाजे लिहिली, एवढंच म्हण. खरी तारीख माहीत असताना खोटी लिहिली असं म्हणालीस की गेलीस. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. पेपरात येईल ते वेगळंच."

"आणि वही?"

"कसली वही?" ते म्हणाले आणि ताकाची वाटी उचलून तोंडाला लावली.

मी त्यांच्यावर चिडले. दोन दिवस बोलले नाही. पण वही ट्रंकेतून काढली नाही, हेही तितकंच खरं.

कोर्टाच्या व्हरांड्यात मार खाल्लेल्या पोराची आई बाकावर बसली होती. मला बघून तिने सरकून जागा करून दिली. मला वाटलं शिव्या देईल. ती हळूच म्हणाली, "बाई, त्याचं वय मोजायला आलात म्हणे."

मी मान हलवली.

"माझा तेवीसचा झाला. सकाळी त्याचं तोंड पुसते, घास भरवते, लंगोट बदलते. त्याचं वय कुठल्या रजिस्टरात घालू ते तेवढं सांगा मला."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. मी प्यायले.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की त्या बाईच्या तोंडाकडे पाहून साक्षीत माझी जीभ अडली. साफ खोटं. तिचं दुःख मी माझ्या भीतीवर पांघरूण म्हणून घातलं.

आत बोलावलं. शपथ झाली. रजिस्टर आणलेलं होतं, माझं अक्षर मला दाखवलं. वळणदार, निळ्या शाईतलं. पोरगा बाकीच्या चौघांबरोबर मागे उभा होता, मिशी फुटली होती. त्याची आई दाराजवळ, पदर तोंडाशी धरून.

त्याच्या वकिलाने विचारलं, "ही तारीख कुठल्या कागदावरून लिहिलीत?"

"कागद नव्हता."

"मग?"

"अंदाजे लिहिली. तेव्हा पद्धत होती तशी."

"खरी तारीख तुम्हाला माहीत होती का?"

एवढाच प्रश्न होता. 'हो' म्हणायचं होतं. सात डिसेंबर, पहाटे, सुईण हात धूत होती. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग एक जून का लिहिलंत, बाई? आणि त्याचं उत्तर माझ्या शाळेच्या पटात होतं, मांडवातल्या सत्कारात होतं.

"नक्की नाही," मी म्हणाले. "डिसेंबरच्या सुमारास असावा."

"काही लेखी आहे तुमच्याकडे?"

"नाही."

मग सरकारी वकील उठले. आवाज चढवला नाही, काही नाही. "सुमारास म्हणजे? नोव्हेंबर की जानेवारी? की ऑक्टोबर?"

"इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही."

"म्हणजे आज तुम्ही सांगता तोही अंदाजच."

"हो."

जन्मभर पोरांना सांगत आले, खरं बोललं की लक्षात ठेवावं लागत नाही. मला सगळं लक्षात होतं आणि मी ते गिळून बसले.

आठवड्याने वयाचा अर्ज फेटाळला गेला. दहावीचं प्रमाणपत्र एक जून म्हणतं, शाळेचं रजिस्टर एक जून म्हणतं, आणि लिहिणाऱ्या शिक्षिकेला स्वतःला काही ठाम आठवत नाही. न्यायाधीशांचं काय चुकलं? त्यांच्यापुढे जे ठेवलं, त्यावरून त्यांनी ठरवलं.

शिक्षेच्या दिवशीही मी गेले. का गेले ते विचारू नका. न्यायाधीशांनी पाचही जणांना एकेक करून विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का. एकाने आईच्या आजाराचं सांगितलं. एक नुसता रडला. याची पाळी शेवटी आली.

"मी मारलं," तो म्हणाला. "तो पडला होता तरी मारलं."

आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या मागे न जाता बोलला असेल.

न्यायाधीश म्हणाले की आरोपींची वयं लहान आहेत हे कोर्ट लक्षात घेतंय, पण पडलेल्या एकट्या पोराला पाच जणांनी मारलं हेही लक्षात घ्यावं लागतं, आणि त्या पोराचंही वय लहानच होतं. सगळ्यांना दहा वर्षं सक्तमजुरी. मार खाल्लेल्याच्या आईने ऐकलं, पिशवी उचलली. जाताना मला म्हणाली, "त्याच्या जेवणाची वेळ झाली, बाई. गाडी चुकली तर दुपार होईल." ना आनंद ना काही. दुसरी आई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्याजवळ जायचं मला धैर्य झालं नाही, मागच्या जिन्याने उतरले.

याला दीड वर्ष झालं. आता या जूनची गोष्ट. दोन तारखेला सकाळी ती माझ्याकडे आली. फणसाचे गरे आणले होते, केळीच्या पानात बांधून. या खेपेला वर आली, खुर्चीवर बसली. पोराला कोल्हापूरच्या जेलात ठेवलंय, तिथून फोन येतो म्हणाली. माझ्याबद्दल तिच्या मनात काडीचा राग नव्हता. उलट मलाच म्हणाली, "तुमी आलात, येवढ्या लोकांत उभ्या ऱ्हायलात. आपल्या पोरासाठी कोन येतंय? कोर्टानं आयकलं नाय, त्याला तुमी काय करणार?"

मी चहा ठेवायला उठले.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. "काल त्याचा फोन आला. काल एक जून ना. बरोबरच्या पोरांनी त्याला हॅपी बर्थडे केलं म्हणे. तर मला इचारतो, आये, माझी खरी तारीख काय गं? मी म्हटलं, मला काय ठाव, देवदिवाळीच्या आगंमागं. बाईंना इचारते. तुमाला काय आठवतंय काय ओ, बाई? त्याचं जरा मन ऱ्हाईल."

गॅसवर पाणी उकळत होतं. सुमारास म्हणता आलं असतं. तिने तेही पदरात बांधून नेलं असतं आणि मला वर दुवा दिला असता. मला ते सहन होईना.

"सात डिसेंबर," मी म्हणाले. "पहाटे. मी दादरहून आले त्या दिवशी."

ती आधी हसली. तारीख तिने पुटपुटत दोनदा म्हटली, विसरू नये म्हणून. मग थांबली.

"कोर्टात तर तुमी सुमार म्हणालात."

"हो."

"तवा म्हाईत हुती तुमाला?"

"होती. लिहिलेलीही आहे. वहीत. त्याच दिवशी लिहिली होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आतल्या खोलीत आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात पोर न येणाऱ्या गणिताकडे बघतं तशी. नंतर तिने गॅस बंद केला, कारण चहाचं पाणी उतू जात होतं आणि मला ते दिसत नव्हतं. मग माझ्यापुढे हात पसरला.

"वही द्या," ती म्हणाली.