दुपट्ट्याआडची जांभई

माझ्या पोथीवाचनातच काही खोट असेल, म्हणून देव ऐकत नसेल, या शंकेने मला त्या दिवसांत पोखरलं होतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे आर्वी डेपोत कंडक्टर होते. दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि नागपूरला जाणं सोयीचं पडावं म्हणून आम्ही नालवाडीला राहायला आलो. आठवड्यातून दोनदा तिथल्या दवाखान्यात डायलिसिस. मशीनवर रक्त साफ होताना मध्येच यांचं बीपी एकदम पडे, हातपाय गार होत, डोळे फिरत. ते कधी पडेल हे डॉक्टरांनाही आधी सांगता येत नसे.

मशीन चालू असताना मी उशाशी बसून पोथी वाचायची आणि हे खुशाल जांभया द्यायचे. आमच्याकडे पोथीसमोर जांभई म्हणजे देवाचा अपमान. सासूबाई तर सरळ उठवून चूळ भरायला पाठवत. मीही त्यांचीच सून. एकदा डाफरले, "देवापुढं जांभया काऊन देता?" तेव्हापासून हे तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा धरू लागले. मला वाटलं, चला, वळण लागलं.

एक दिवस फरशी पुसणाऱ्या मावशी आमच्या खाटेपाशी थांबल्या. "बाई, पोथी ठेव बाजूले. त्याइच्या तोंडाकडं पाह्य. जांभयावर जांभया आल्या का बीपी पडते. लय जनाइचं पाह्यलं मी." मला रागच आला, पण दुपट्टा सरकवला. एकामागून एक जांभया चालल्या होत्या. मी नर्सला हाक मारली. तिने यांचे पाय उंच केले, सलाईन सोडलं. त्या दिवशी यांचे डोळे फिरले नाहीत.

एवढ्या जांभया येत होत्या तर सांगितलं का नाही, असं परतताना विचारलं, तर हे म्हणाले, "तुह्या पोथीत खंड नको म्हनून दाबून राह्यलतो."

मी रोज देवाकडे खूण मागत होते. त्याने ती यांच्याच तोंडी दिली आणि मी ती झाकायला लावली. याची बोच अजून जात नाही. पुढे आठ महिने मिळाले, ते त्या मावशींमुळे. लुगडं घेऊन गेले तेव्हा त्या काम सोडून गेल्या होत्या. मी साधं नावही विचारलं नव्हतं. देवावर भार टाकायचा म्हणजे समोरच्या माणसाकडे बघायचं सोडायचं नाही, एवढं त्या शिकवून गेल्या.

शेवटच्या दिवशी घरीच यांना जांभई आली. सवयीने यांचा हात दुपट्ट्याकडे गेला. मी तो हात धरून ठेवला.