साहेबांचं बॉक्सिंग आणि आमची बदली

सरकारी ऑफिसात कामं साठतात असं लोक म्हणतात. कामं मार्चएंडला निपटतात हो, किस्से मात्र साठतच जातात! आमच्या आदिलाबादच्या ऑफिसातले सगळ्यात जास्त किस्से एका पावसाळ्यात जमले. एका जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते आणि कोण कुठे फेकला जाईल या धास्तीने सगळ्यांची झोप उडाली होती.

त्यातच नवे साहेब आले. करीमनगरकडचे, तेलंगणी हिंदीत बोलणारे, कॉलेजात बॉक्सिंग खेळलेले. ते रोज सकाळी गावाला लागूनच्या मावल्याच्या मैदानावर बॉक्सिंग करतात आणि कुणी आलंच तर शिकवतात, एवढी बातमी ऑफिसात पसरली. दुसऱ्या दिवशी अर्धं ऑफिस ट्रॅकपँट घालून हजर! बदली टाळायची तर साहेबांच्या नजरेत राहायला हवं, एवढा साधा हिशोब. आम्ही दोघीतिघी बायकाही गेलो. बदली काय फक्त पुरुषांचीच होते?

*

पहिला धडा उभं राहण्याचा. डावा पाय पुढे, उजवा मागे, मध्ये खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल. आमचे हेडक्लार्क देशपांडे अडून बसले.

"शुभ कामाले डावा पाय कसा टाकू, साहेब?"

तडजोड म्हणून त्यांनी दोन्ही पाय जुळवले आणि राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. साहेबांनी छातीवर एक बोट टेकवून हलकंसं ढकललं. देशपांडे सरळ चिखलात बसले! तेव्हापासून आमच्या ऑफिसात डावा पाय शुभ झाला.

*

मग गार्ड. दोन्ही मुठी गालाशी, हनुवटी खाली. मान खाली घालायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही, वीस-वीस वर्षांची प्रॅक्टिस होती. घोळ पुढे झाला. साहेब म्हणाले, "मुंडी नीचे, मगर नजर सामने!"

साहेबांसमोर नजर वर? अख्खी रांग जमिनीकडे बघत होती. शेवटी साहेबांनीच विचारलं, "नीचे क्या गिरा है?"

*

मुठीचा किस्सा माझा. अंगठा बोटांच्या बाहेर ठेवायचा असतो. मी तो आत दडपला आणि सरकीने ठासून भरलेल्या पोत्यावर दणका दिला. अंगठा वांग्यासारखा सुजला! संध्याकाळी पोळ्या लाटायची पाळी आमच्या ह्यांच्यावर आली.

"काऊन वं, साहेबाशी भांडली काय?"

"नाही. ओळख वाढवून राह्यली."

*

खरी परीक्षा जॅबची. डावा हात सरळ सुटायचा आणि त्याच वाटेने झटकन गालापाशी परत यायचा. साहेब हाताला पॅड बांधून समोर उभे राहिले. "मारो!" म्हणाले.

साहेबांच्या हातावर मारायचं? एकेक जण पुढे जाऊन पॅडला असं बोट लावून आला, जणू देवीच्या पायाला हात लावतोय. देशपांड्यांनी तर नंतर हात जोडले.

मारलं ते फक्त दिनकररावांनी. फाट्कन! साहेबांचा हात मागे गेला आणि आम्ही दोन पावलं मागे सरकलो. साहेब मात्र खूश. "शाबास! इसको बोलते जॅब!"

दिनकररावांची गोष्ट वेगळी होती. आम्हाला बदली म्हणजे कटकट होती, त्यांना ती संसारावर घाला होता. बायको नार्नूरला शाळेत मास्तरीण, हे कित्येक वर्षं दूर मंचेरियालला. पोरगी बापाला पाहुणा समजायची. आता कुठे दोघांच्या बदल्या जुळून मावल्यात एका घरात चौघांचा स्वयंपाक व्हायला लागला होता, म्हातारी आईसुद्धा सोबत आली होती. त्यामुळे हा माणूस घरीही गच्चीवर घाम गाळायचा. वहिनी उशी धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मारा जोरात. इथंच राहाले भेटते तर माराच!"

मला त्यांच्याबद्दल फार वाटायचं. थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

*

हळूहळू उरलेलं ऑफिसही मैदानावर यायला लागलं, वानखेडे तेवढा एकदाही आला नाही. "मले सकाळची झोप लागते," एवढंच त्याचं कारण. आम्ही त्याची कीव करायचो. देशपांडे तर त्याला होऊ घातलेल्या नव्या जिल्ह्याच्या गावी, आसिफाबादेत, भाड्याच्या खोलीचे दर सांगायचे.

*

दसऱ्याला नवे जिल्हे झाले. साहेबांनी सगळ्यांना चेंबरमध्ये बोलावलं. चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला.

"मेरा पोस्टिंग आसिफाबाद हुआ. नया जिला, नया ऑफिस. मैं बोला, मेरेकू मेरी सुबह की टीम होना! ऊपर से हां बोल दिए. सब चलो मेरे साथ!"

देशपांडे खुर्ची शोधायला लागले.

"और पहला नाम किसका दिया मालूम? दिनकरराव का!"

आदिलाबादेत राहिला वानखेडे. त्याला हे कळलंही नव्हतं, तो अजून ऑफिसात यायचा होता.

दिनकरराव जागचे हलले नाहीत. डोळ्यांत पाणी भरलं, चेहरा लालबुंद झाला, डावा पाय पुढे सरकला आणि दोन्ही मुठी गालापाशी आल्या. नजर सरळ साहेबांवर! मी मनात म्हटलं, गेली ह्या माणसाची नोकरी.

साहेब टेबल ओलांडून त्यांच्याजवळ आले, कौतुकाने निरखून पाहिलं आणि दोन बोटांनी त्यांचं कोपर हळूच आत ढकललं.

"कोहनी थोडा अंदर लेओ, दिनकरराव. बाकी आसिफाबाद में ठीक कर लेंगे."