चीफचं बारावं ताट

भिंतीशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या ऑफिसात मीटिंग म्हणून रोज तेच चालतं. पण भिंत काय म्हणते ते शांतपणे ऐकून घेणारा माणूस सबंध सिंगापुरात एकच होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. सेंगकांगच्या या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी लिफ्टमधून बाहेर पडते तो काय! चौकड्यांची लुंगी नेसलेला एक उंच म्हातारा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर भिंतीला टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून, डोळे मिटून उभा. मी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "अरे, एजंटने शेजाऱ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं!" म्हातारा डोळेही न उघडता स्वच्छ मराठीत म्हणाला, "कशाला सांगेल? तुम्ही फ्लॅट घेतला नसता."

हे आमचे चीफ. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली शेवटची बरीचशी चीफ इंजिनिअर म्हणून. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते असं स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकायची त्या लोकांची जुनी रीत आहे. जहाज सुटलं, बायको गेली, लेक लग्न होऊन मेलबर्नला गेली. मग ऐकायला उरला फक्त आमचा ब्लॉक. "मंगळवारी ही लिफ्ट बसणार," असं चीफ रविवारी सांगायचे आणि मंगळवारी संध्याकाळी मी भाजीच्या पिशव्या घेऊन नऊ मजले चढायची. एकदा भल्या सकाळी त्यांनी आमचं दार बडवलं. "खालच्या मॅडमचा नळ फार वेळ चालू आहे, आणि पावलं वाजत नाहीत." धावत जाऊन बघतो तर खालच्या चिनी मॅडम न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्या चीफचा हात सोडेनात. बऱ्या होऊन आल्यावर मात्र त्यांनी कॉरिडॉरभर करून टाकलं, "धिस अंकल कॅन हिअर घोस्ट, यू नो." चीफनी कधी खोडून काढलं नाही. ब्लॉकमधले पंखे, मिक्सर, सायकली फुकटात दुरुस्त करणाऱ्या माणसाने थोडी भुतंही ऐकली तर कुणाचं काय जातं?

चीफ ज्यू होते, म्हणजे आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायल. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. "आजोबांच्या बैलालासुद्धा माहीत होतं," चीफ सांगायचे. "शनिवारी कुणी जू दाखवलं तर तोंड फिरवायचा. मी मात्र भर समुद्रात कुठलं इंजिन थांबवणार? तेवढे सगळे शनिवार आता पाळतोय." पाळायचे म्हणजे असे, की शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारचा अंधार पडेपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही, आणि दुसऱ्याला "लाव" असंही म्हणायचं नाही. हे मला कुठलं ठाऊक? पहिल्याच शनिवारी चीफ दारात आले. "आमचा पंखा बंद आहे."

"मेकॅनिकचा नंबर देऊ?"

"बिघडलेला नाही. बंद आहे."

"मग लावा की!"

चीफ "हं" करून गेले. पाच मिनिटांनी परत आले. "आज फार उकडतंय, नाही?" मी म्हटलं, हो बाई, फारच. बिचारे पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा घामाने निथळत होते, आणि मी म्हातारपणी असं व्हायचंच म्हणून हळहळायच्या तयारीत होते. शेवटी आमची सात वर्षांची कन्या उठली, त्यांच्या घरात जाऊन बटण दाबून आली आणि मला म्हणाली, "अंकल वॉन्ट फॅन लाह, ममा." तेव्हापासून शनिवारचं ते खातं तिच्याकडेच राहिलं.

पण शनिवारी संध्याकाळी त्या घरात जायला तीही घाबरायची. दिवे नाहीत, बाहेर उजेड विझत चाललेला, आणि आत चीफ एका रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात बोलत बसलेले. मध्ये थांबायचे, हसायचे, मान डोलवायचे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत आपण थांबतो ना, अगदी तेवढाच वेळ थांबायचे. मी एकदा दारातून ते पाहिलं आणि उंबऱ्यातूनच मागे फिरले. ती खुर्ची एलियाहू हन्नाबीची, त्यांच्या पैगंबराची. हा म्हणे मेलाच नाही, अग्नीच्या रथातून सदेह वर गेला, आणि तेव्हापासून केव्हाही, कुणाच्याही रूपात येतो. अलिबागजवळ एका खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. त्यांच्यातही अशी खुर्ची एका ठरावीक विधीलाच मांडतात, पण चीफनी ती कायमचीच मांडून ठेवली होती. "आला आणि उभं राहावं लागलं, तर बरं दिसेल का?" खालच्या मॅडमना याचं काडीचं नवल वाटलं नाही. चिनी सातव्या महिन्यात पितर हिंडायला बाहेर पडतात तेव्हा मंडपातल्या गाण्यांना पहिली रांग त्यांच्यासाठी मोकळी सोडतात. "सेम सेम," त्या म्हणाल्या. "फ्रंट रो कॅनॉट सिट."

एका वर्षी इंजिनरूमला आग लागली होती आणि चीफ तिच्यातून जिवंत बाहेर आले होते. दर वर्षी, घराचं दार उघडं टाकून मलिदा करीन आणि येईल त्याला खाऊ घालीन, असा नवस त्यांनी त्या धुरात बोलला होता. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. शेजारी फळं आणि गुलाबाची फुलं. मग चीफ प्रार्थना म्हणायचे आणि सगळा कॉरिडॉर जेवून जायचा. किती माणसं आली असं मात्र विचारायचं नाही. "माणसं मोजत नसतात गं, नजर लागते. ताटं मोज." ताटं होती बारा, स्टीलची, पाठीवर त्यांच्या बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख टिंबांनी ठोकलेली. अकरा आमच्यासाठी फिरायची आणि बारावं खुर्चीवर. ते नंतर चीफ स्वतः खायचे. "एवढा वेळ थांबला नाही, म्हणजे भूक नसेल."

या माणसाच्या दाराची डबी कुणीतरी उपटून नेली.

त्यांच्या चौकटीच्या उजव्या अंगाला बोटभर लांब पितळी डबी होती, जरा तिरकी बसवलेली. मेझुझा म्हणतात तिला. आत हाताने लिहिलेल्या प्रार्थनेची गुंडाळी असते. जाता-येता चीफ तिला बोटं लावायचे आणि ती बोटं ओठांना टेकवायचे. कुठल्याशा लांबच्या युद्धाच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. एका संध्याकाळी पाया लेबारच्या ऑफिसातून मी घरी आले तर चीफ थिनरचा बोळा घेऊन दार घासत होते. दारावर काळ्या मार्करने जे लिहिलं होतं ते मी इथं लिहीत नाही. चौकटीवरचा रंग खरवडला होता आणि डबीच्या जागी दोन भोकं होती. अलिबागच्या म्हाताऱ्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं? मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर संतापाहून भीतीच जास्त वाटली. नवरा म्हणाला, पोलिसांत जाऊ. चीफ म्हणाले, "बघू." आणि मी म्हणाले, "चीफ, नवीन आणाल ती आतल्या बाजूने लावा हो. कशाला दाखवायचं?" त्याच संध्याकाळी मी आमच्या दाराचं तोरण आणि गणपतीची फरशी काढून कपाटात ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं करायला.

दुसऱ्या दिवशी चीफनी ते ओळखलंच. "तोरण धुवायला काढलंस?" मी मान खाली घातली. तेव्हा ते आमच्या दारातच बसकण मारून बोलले. "तीस वर्षं मी कितीतरी बंदरांत हे लपवलं. किनाऱ्यावर कुणी धर्म विचारला तर इंडियन म्हणायचं आणि हसायचं. गावी आजोबांना कधी लपवावं लागलं नाही, मला लागलं. आता रिटायर झाल्यावरही तीच ड्युटी? लेक रोज फोनवर रडते. दार बंद करून मलिदा करा, नाहीतर सामान बांधून इकडे या म्हणते. मला भीती वाटते गं. आग लागली तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटते. पण नवस उघड्या दाराचा आहे. मलिदा होऊ दे. त्या दिवशी दार उघडं ठेवायचा धीर झाला तर इथंच राहीन, नाही झाला तर जाईन मेलबर्नला."

एवढं बोलून उठले आणि घरात शिरताना त्यांनी त्या दोन भोकांनाच बोटं लावून ओठांना टेकवली. मग काय मनात आलं कोण जाणे, स्क्रूड्रायव्हर आणला, त्याचं टोक एका भोकात धरलं आणि मूठ माझ्या कानाशी दिली. आधी काहीच नाही. मग फार खोलवरून, एका सुरात कुणीतरी काही म्हणत असल्यासारखं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, पण मध्ये श्वास घेतलेला कळत होता. मी दचकून कान काढला. "पाण्याचा पंप आहे ना हा?"

"असेल की," चीफ म्हणाले.

पंप दुरुस्तीसाठी दिवसभर बंद, अशी नोटीस खाली लिफ्टपाशी लागलेली मी सकाळीच वाचली होती. चीफनीही वाचली असणार.

मलिदा रविवारी संध्याकाळी झाला. चिनी सातवा महिना चालू होता, खाली गवतावर पितरांसाठी कागद जाळल्याचा वास वर येत होता. चीफ कडीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार उघडलं ते सताड उघडलं, आणि हलू नये म्हणून खाली पाचर मारली. बाराही ताटं मी माझ्या हाताने वाढली. खालच्या मॅडमनी रिकाम्या खुर्चीवर, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जागा धरायला ठेवतात तसं, टिश्यूचं पाकीट ठेवलं. "चोप फॉर युअर प्रॉफेट," त्या म्हणाल्या आणि चीफ किती दिवसांनी हसले! प्रार्थना झाली, लोक आले, खाल्लं, गेले. मी स्वयंपाकघरात ताटं विसळायला घेतली तर ती अकराच. पुन्हा मोजली. अकरा.

बारावं अजून खुर्चीवरच असेल म्हणून बाहेर येऊन पाहिलं तर तिथं ताट नव्हतं आणि टिश्यूचं पाकीटही नव्हतं. "खुर्चीवर कोण बसलं होतं?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या शर्टातले एक वृद्ध, त्यांना वाटलं चीफचे भाऊ. नवरा म्हणाला, अरे, हेल्मेटवाला तरुण होता ना एक? कन्या म्हणाली, "नो लाह, आंटी होती. शी वॉज क्राइंग." चीफना प्रार्थनेच्या पुस्तकापलीकडचं काही दिसलं नव्हतं. आणि मला? मला दारापाशी चपलांच्या ढिगात एक अनोळखी जोड दिसला होता, ओला, आणि बाहेर तर पाऊस नव्हता. चीफ मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले, आणि उतरलेला चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदाच जरा सैल झाला.

सकाळी त्यांच्या चपलांच्या मांडणीवर डबी होती. खाली ते टिश्यूचं पाकीट, वर डबी, आतली गुंडाळी जशीच्या तशी. नवरा म्हणाला, लिफ्टपाशी कॅमेरा आहे, बघून घेऊ. चीफ एकदम कडाडले, "जेवून गेलेल्या पाहुण्याची चौकशी करतात का रे?" त्यांचे जहाजावरचे पितळी स्क्रू डबीबरोबर नव्हते, म्हणून साधेच घेतले. डबी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, जुन्याच जागी लागली. शेवटचा आटा त्यांनी मला फिरवायला लावला. त्या दुपारी मी तोरण बाहेर काढलं.

"आणि ताट हो?" मी विचारलं.

"येईल. आपल्यात रिकामं भांडं कुणी परत देतं का? आत काय घालून द्यावं ते सुचत नसेल बिचाऱ्याला. वेळ लागेल."

चीफ मेलबर्नला गेले नाहीत. पुढची दोन वर्षं त्यांनी दार उघडं ठेवून अकरा ताटांत मलिदा केला, आणि खुर्चीवर बशी ठेवली. प्रत्येक वेळी संपल्यावर कॉरिडॉरमध्ये जाऊन उगाच जिन्याकडे बघून यायचे. मग एका शनिवारी कन्या पंखा लावायला गेली आणि तशीच परत आली. चीफ त्या खुर्चीसमोर बसल्या बसल्या गेले होते. लेक आली, रडली, आणि घर दुसऱ्याकडे जाणार म्हणून त्यांच्या रीतीप्रमाणे डबी काढून घेऊन गेली. अकरा ताटं आणि स्क्रूड्रायव्हर मला दिला. रंगारी चौकटीला पुट्टी भरायला आला तेव्हा मी त्याला हातापाया पडून ती दोन भोकं तशीच ठेवायला लावली.

परवा ऑफिसातून आले तर चीफच्या अजून बंदच असलेल्या दारासमोर, जमिनीवर, स्टीलचं ताट होतं. लखलखीत घासलेलं. उलटं करून बघायची गरज नव्हती, पण मी खालून बोटं फिरवली आणि चीफच्या बायकोच्या नावाची टिंबं लागली. ताटात साखर होती, आणि साखरेत रोवलेले दोन पितळी स्क्रू. कॉरिडॉर रिकामा होता. मी तिथंच बसले आणि पोटभर रडले. ज्याने ते आणलं त्याने बेल वाजवली असेल का? किती वेळ वाट पाहिली असेल?

ते दोन स्क्रू मी त्या दोन भोकांत फिरवून बसवले. मग इकडे-तिकडे बघितलं, आतून चीफचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि टोक चौकटीला टेकवलं. कान लावायचा धीर झाला नाही. मुठीपाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "चीफ, ताट आलं हो. रिकामं नाही आलं."