साहेबांची कादंबरीकार आजी आणि माझा राजीनामा

कुवेतच्या मीना अब्दुल्ला बंदरातल्या रिफायनरीत मी टायपिस्ट होतो आणि आमचे कॅनडाचे साहेब फावल्या वेळात आपल्या आजीचं चरित्र लिहीत होते. टाइप करायला अर्थातच मी. आजी गेल्या शतकातली कादंबरीकार. तरुणपणी विधवा झाली, मुलं लहान, म्हणून साप्ताहिकांत गोष्टी लिहू लागली. हप्त्याच्या शेवटी नायिकेला नदीत ढकलायची आणि पुढच्या हप्त्यात बाहेर काढायची. वाचक जीव मुठीत धरून बसायचे. थंडीत दौतीतली शाई गोठली की चुलीपाशी ठेवून पातळ करायची. इकडे घामानं कार्बन पेपर माझ्या बोटांना चिकटत होता, तरी ती बाई मला आवडू लागली होती. साहेबांवर मात्र मी चिडलो होतो. पानंच्या पानं पुस्तकांची जंत्री, आणि बाईचा कुठं पत्ता नाही!

माझ्या जिभेला हाड नाही. एका दुपारी विचारलंच, "साहेब, आजी लिहायला बसल्या की मुलांना जेवायला कोण घालायचं?"

साहेब लालेलाल झाले.

दुसऱ्या दिवशी आमचे लखनौचे हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. "मियाँ, साहब को आपका राज़ीनामा चाहिए. लिखकर दे दीजिए."

माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली की कुवेतमधला मुक्कामही संपला. बायको रत्नागिरीहून नुकती आलेली, हवल्लीत मुश्किलीनं एक खोली मिळालेली. पण गयावया करणारा मी नव्हे. तिथंच मशीनवर कागद चढवला, राजीनामा टाइप केला आणि साहेबांसमोर ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "कुठं चाललात?"

"तुम्हीच मागितलात," मी म्हटलं.

हेडक्लार्कना बोलावणं गेलं, तेव्हा उलगडा झाला. साहेबांना माझा प्रश्न पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापायचा होता आणि त्यासाठी माझी लेखी संमती हवी होती. लखनौत संमतीच्या कागदाला राज़ीनामा म्हणतात. आमच्याकडे राजीनामा दिला की माणूस घरी बसतो. हेडक्लार्क कपाळावर हात मारून हसत सुटले. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आजीच्या हस्तलिखितांवर सुपाचे डाग होते, आणि मी आजवर तिला गबाळी समजत आलो." मी न विचारताच त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. कुवेतला आल्यापासून ती उन्हाला, वाळूला आणि मला दोष देत गावी जायचं टुमणं लावून होती. मला वाटलं, नोकरी टिकली म्हणून आता भांडेल. ती पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. "अल्लानं राखलान आपल्याला," म्हणाली आणि रडू लागली. नोकरी टिकल्याचं साहेबांच्या खोलीतच कळलं होतं, पण माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.