चाचांनी राखलेलं वावर

चाचांच्या दुकानात इंटरनेट खिशात असायचं. शर्टाचा डावा खिसा, त्यात चष्म्याचं घर, त्या घरात रुमालात गुंडाळलेला डोंगल. कुणाला काही पाहायचं असलं की चाचा तो काढून कॉम्प्युटरला लावत, शेजारी उभे राहत आणि काम संपताच, उतू जाणारं दूध उतरवावं तसा उपसून घेत. "नळ उघडा टाकून कोनी झोपते का?" असं ते विचारत. अकोल्याच्या जुन्या शहरात पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे सगळेच नळ उघडे टाकून झोपत. पण चाचांशी वाद घालण्यात अर्थ नसे.

दुकान फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं होतं. पुढे नोझल, वायसर आणि पट्ट्यांचा ढीग, मागे पडदा आणि पडद्यामागे कॉम्प्युटर. मी नांदगाव खंडेश्वरचा, शिकायला अकोल्यात. घरमालकाचा पंप घेऊन गेलो आणि तो दुरुस्त होईपर्यंत पडद्यामागे डोकावलो. तिथे शेतीचा एक परदेशी गेम चालू होता. घराएवढे ट्रॅक्टर, क्षितिजापर्यंत गहू, आणि माणूस औषधालाही नाही. चाचा पंपासारखाच तो गेमही उघडून बसले होते. "उघडल्याबिगर काय समजते बेटा? पंप असो का फाईल."

हे सगळं चाललं होतं त्यांच्या थोरल्या भावासाठी. त्यांना सगळे भाईजान म्हणत. भाईजानचं वावर शहराबाहेरच्या नव्या रस्त्यात गेलं होतं. मोबदला मिळाला, मुलाचं घर झालं, कुणाची तक्रार नव्हती. फक्त सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. भाईजान पहाटे निघत, जिथे वावर होतं तिथे जाऊन रस्त्याच्या मधल्या कठड्यावर बसत, आणि दोन्ही बाजूंनी ट्रक जात. दोनदा लोकांनी उचलून घरी आणलं. मग चाचांनी त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि म्हणाले, "भाईजान, हे वावर घ्या. इथं रस्ता येत नाही."

भाईजाननी आठवडाभर ते निमूट चालवलं आणि मग एकच वाक्य बोलले, "कपाशी एका दमात येचतेत का? हे कोनतं गाव?"

गेममधलं यंत्र एका फेरीत सगळा कापूस साफ करायचं. आपल्याकडे बोंडं आपल्या सवडीने फुटतात. पहिला वेचा, दुसरा, तिसरा, आणि मग तीच झाडं राखून पुन्हा फरदड घ्यायची की नाही यावर घरात भांडण. चाचांनी गेमच्या फाइली उघडल्या. गेम ज्यांनी केला त्यांनी न दिलेलं काही खेळणाऱ्याने स्वतः बनवून त्यात बसवलं, की त्याला मॉड म्हणतात. चाचांनी आधी तीन वेचे बसवले. मग काळी जमीन. मग ओळींतलं तण काढणारा डवरा. मग भाईजानच्या सांगण्यावरून जुन्या वावराचा नकाशा: विहीर, धुरा म्हणजे बांध, त्या धुऱ्यावरची बाभूळ. भाईजान पहाटे उठून त्या वावरात जाऊ लागले. कठडा सुटला.

पण गेमची कंपनी स्वस्थ बसणारी नव्हती. दर काही महिन्यांनी ती नवी आवृत्ती आणायची आणि शेती आता अधिक खरी झाल्याचं जाहीर करायची. तेव्हा आमच्याकडेही दर हंगामाला एक सरकारी पॅकेज जाहीर होई आणि मंडपात शेतकऱ्याचं सोनं होई, त्यामुळे ही भाषा आम्हाला परकी नव्हती. नवी आवृत्ती आली की आतली मांडणी बदले आणि जुने मॉड तिला ओळखू येत नसत. कधी डवरा हवेत तरंगे, कधी बोंडंच फुटत नसत. एकदा तर विहीर शेजाऱ्याच्या शेतात निघाली. यावर भाईजान म्हणाले, "हे मातर खरं वाटते."

आवृत्ती येणार अशी कुणकुण लागली की चाचांचं दुकानात लक्ष नसे. बसायचे, उठायचे, गिऱ्हाइकाचा पंप उघडायचे आणि तसाच ठेवून द्यायचे. चहा मागवून प्यायचं विसरायचे. "आपोआप घेऊ नको असं सांगतलं हाय त्याले," असं म्हणत पुन्हा एकदा गेमच्या सेटिंगमधली ती खूण तपासायचे. त्यांच्या वहीत कुठला मॉड कुठल्या क्रमाने बसतो ते लिहिलेलं असे आणि पहिल्या पानावर कायदे. पहिले आठ दिवस नव्याला शिवायचं नाही. दुसऱ्यांचे मॉड सुधारून येतात का ते पाहायचं. नंतर एकेक मॉड बसवायचा, गेम सुरू करायचा, बंद करायचा, मग दुसरा. आणि भाईजानचं चालू वावर नव्या आवृत्तीत कधी उघडायचं नाही, उघडायची ती त्याची नक्कल. "एकदा नव्यात उघडून जतन झालं का, वापस येनं नाही बेटा."

या नकला ठेवण्याची त्यांची रीत कुठल्याही पुस्तकात नव्हती. त्यांच्या लहानपणी घरचं बी एका घरी ठेवत नसत. थोडं आपल्याकडे, थोडं सोयऱ्याकडे, थोडं मित्राकडे. कुणाच्या घरी ओल आली तरी गावात बी राही. तसं वावर तीन घरी होतं. एक प्रत दुकानात, एक माझ्याकडे, एक धामणगाव रेल्वेच्या प्रमोदकडे. हा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काम करायचा आणि शनिवारी पट्टे न्यायला यायचा. महिन्याला पेनड्राइव्ह हातात देताना चाचा बजावत, "ठेवलेल्या बियाले हात लावाचा नाही." आम्ही मान हलवायचो. मला पुढे अमरावतीला नोकरी लागली, तरी महिन्याच्या महिन्याला पेनड्राइव्ह येत राहिला.

मग ती मोठी आवृत्ती आली. पिकं वाढण्याची सगळी पद्धतच बदललेली. दुकानात डोंगल खिशात होता, खूण तपासलेली होती, वही तयार होती. पण भाईजानच्या घरी सुनेने मुलांच्या अभ्यासासाठी कायमचं इंटरनेट घेतलं आणि कॉम्प्युटर नव्याने बसवून घेतला. आपोआप घेऊ नको ही खूण त्यात पुसली गेली. सकाळी भाईजाननी गेम उघडला. गेमने नवं अंगात घालून घेतलं, वावर उघडलं, आणि मुकाट जतनही केलं. कपाशी नव्हती.

दहा वाजता चाचांचा फोन आला. "बेटा, भाईजान घरात नाही. कठड्यावर हायेत. तुयी नक्कल घेऊन ये. आत्ता."

"चाचा, दुकानातली?"

चाचांनी हातातला पंप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "दुकानातल्याले म्या हात लावला. नव्याची तयारी करून राहिलो होतो. तिसरा वेचा बिघडला अन् मंग पहिला बी."

बसमध्ये मी खिशातला पेनड्राइव्ह तीनदा चाचपला. दुकानात प्रमोद आधीच पोचलेला; फोन त्यालाही गेला होता. त्याची प्रत उघडली. वावराच्या कोपऱ्यात एक जिनिंग फॅक्टरी उभी होती, आणि तिच्या दारावर ठळक अक्षरांत प्रमोदचं नाव.

"हे काय हाय?" चाचा.

"मले वाटलं कापूस न्यायले जवळ पडन," प्रमोद जमिनीकडे पाहत म्हणाला.

"विहिरीवर बांधली ना बे तू!"

उरली माझी. बाहेरून ती ठीक दिसत होती. चाचांनी रिक्षा केली, भाईजानला कठड्यावरून आणलं, बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या टोपीवर रस्त्याची धूळ बसलेली होती. ते स्क्रीनकडे बघत राहिले. कपाशी होती, बोंडं होती. चाचांनी वही मिटली.

"बाभूळ कोनं तोडली?" भाईजान म्हणाले.

"मी," मी म्हणालो.

"काहून?"

"ट्रॅक्टर अडायचा तिला. वळताना."

"मंग वळाले शिकाचं ना, पोरा."

प्रमोद खोकला. चाचा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर बियाण्यात भेसळ करणाऱ्या दुकानदारासाठी राखलेली असते. त्यांनी माउस हातात घेतला. "लावून देतो भाईजान बाभूळ, दोन दिवस द्या. तवरी फिरकू नका त्या रस्त्यावर, तुमाले कसम हाय."

"राहू दे. ते नवं दाखव."

"त्यात काही नाही भाईजान. रिकामं हाय."

"दाखव तं."

चाचांनी नाइलाजाने डोंगल लावला, नवी आवृत्ती घेतली आणि तिच्यात दुकानातलं वावर उघडलं. काळंभोर रिकामं वावर. धुरा होता, बाभूळ होती, पीक कुठेच नव्हतं. भाईजान खुर्ची पुढे ओढून बसले. "रिकामंच तं हाय. दरसाल रिकामंच असते. तूर हाय का यात? नाही? मंग सोयाबीन दे."

आणि ते पेरू लागले.

चाचा पडद्याबाहेर येऊन पंपांमध्ये बसले. एक नोझल उचललं, फुंकलं, खाली ठेवलं. "चार वर्सं राखलं बेटा," ते म्हणाले. "मले वाटलं त्याइले कपाशी पायजे. त्याइले काम पायजे होतं." मग आतून आवाज आला, "पानी कसं पाडतेत रे यात?" आणि चाचा, "आलो भाईजान," म्हणत धडपडत उठले. कपाशीचे तीन वेचे नव्याने बसवायला त्यांना सबंध हंगाम लागला. त्यानंतरही दर आवृत्तीला ते तसेच तळमळत, तसेच चहा विसरत. समज आली म्हणून स्वभाव जात नाही.

जाण्याचा क्रम मात्र चुकला. भाईजान ऐंशीच्या घरात आणि गेले ते चाचा, काम करताना, कुणाला हाक न मारता. मी माती द्यायला गेलो तेव्हा भाईजान दारात बसले होते. माझा हात धरून म्हणाले, "याले कवाच वाट पाहाले जमत नव्हतं." वही त्यांनी माझ्याकडे दिली.

ती वही मी पाळतो. ऑफिसात नव्या प्रणालीचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, साहेब बटण दाबतात. मी त्याआधी जुन्याची नक्कल घेऊन ती तीन ठिकाणी ठेवलेली असते. लोक हसतात. आठ दिवसांनी मागायला येतात.

मागच्या आठवड्यात सकाळी सहाला फोन वाजला. भाईजान. "पोरा, नवं आलं म्हनते. काय करू?"

"दाबू नका भाईजान. आठ दिवस थांबू. मी आधी नक्कल घेतो, दुसऱ्यांचे मॉड येऊ देतो, मग एकेक…"

"दाबलं."

"कधी?"

"कालच. कपाशी गेली." त्यांचा आवाज चांगला ताजातवाना होता. "आता येतं का नाही तू? पेरनी खोळंबली हाय."

मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.