थोरल्या जावयाची मोटरसायकल

खलीलभाईंच्या मोटरसायकल-खरेदीत पहिली मोटरसायकल मी पाडली. ती त्यांची नव्हती. शोरूमची होती, पुढं ‘टेस्ट राइड’ अशी पाटी लावून दारात उभी होती, आणि मी तिच्यावर नुसता बसून पाहत होतो. साइड स्टँडवर ती डावीकडे कललेली होती तोवर आमचं छान चाललं होतं. माझा डावा पाय जमिनीला टेकत होता. मग मला वाटलं, जरा सरळ करून बघावी. सरळ केली. आता उजवा पाय टेकेल असं मी धरून चाललो होतो. तो टेकला नाही.

“अरे, अरे,” मी म्हणालो ते गाडीला. ती ऐकणाऱ्यातली नव्हती. डबक्यात म्हैस बसते तशी ती अगदी सावकाश उजवीकडे बसली, आणि बसता बसता मला आणि शोरूमवाल्यांनी हौसेनं ठेवलेल्या क्रोटनच्या कुंडीला घेऊन गेली. विपुल नावाचा सेल्समन धावत आला. त्यानं मला बाजूला केलं, गाडीला हात घातला, आणि मग आत वळून आणखी दोन हाका मारल्या. मेकॅनिक आला, गाड्या धुणारा आला. तिघांनी “हां, घ्या, घ्या” करत तिला उभी केली.

खलीलभाई माझ्याकडे बघत नव्हते. कुंडीकडेही नाही. ते त्या तिघांकडे बघत होते.

“ही नको,” ते म्हणाले.

“सर, ऑफ-रोडला हीच बेस्ट,” विपुल धापा टाकत म्हणाला. “पुढचं चाक बघा ना केवढं आहे.”

“चाक बघितलं. उचलणारे पण बघितले.”

खलीलभाई आणि मी खोपोलीच्या शिळफाट्याला शेजारी राहतो. कर्जतला स्टेशनजवळ त्यांचं चष्म्याचं दुकान, तिथूनच पुढं माझी शाळा. त्यामुळं कित्येक वर्षं मी त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून नोकरी केलेली आहे. माणूस स्वभावानं अत्यंत सभ्य. आवाज चढवणार नाहीत, शिवी देणार नाहीत, पेट्रोल पंपावरच्या रांगेत कुणी घुसलं तरी हॉर्न वाजवणार नाहीत. फक्त ते विसरत नाहीत.

शिळफाट्याच्या एका न्हाव्यानं एकदा, नेमकी भाचीच्या निकाहाच्या आदल्या दिवशी, त्यांची दाढी एका बाजूला वर चढवली. खलीलभाईंनी आरशात पाहिलं, पैसे दिले, सलाम केला. त्यानंतर ते समोरच्या सलूनमध्ये जातात. तिथं काचेच्या दाराजवळची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबतात आणि दाढी कोरून घेताना मधूनमधून पलीकडच्या जुन्या न्हाव्याला हात करतात. तो बिचारा आनंदानं उलट हात करतो. एक गिऱ्हाईक दुकानात म्हणालं होतं, “हीच फ्रेम मुंबईत फुटपाथवर मिळते.” तो माणूस आला की खलीलभाई त्याला चहा पाजतात, तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावतात, आणि त्यानं बिनचूक वाचली तरी नुसतं “हं…” म्हणतात. तो आठवडाभर डोळे चोळत फिरतो.

या सुडांत खोट एकच. खलीलभाई सूड इतक्या सभ्यपणे घेतात, की ज्याच्यावर घेतला त्याला तो कळतच नाही. त्याचा त्यांना मनस्ताप होतो. पण राहीलच्या बाबतीत त्यांनी ठरवलं होतं, कळलं पाहिजे. साऱ्या खानदानाला कळलं पाहिजे.

राहील म्हणजे त्यांचा साडू. सफियाभाभींची धाकटी बहीण इल्मा, तिचा नवरा. लोधिवलीला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, स्वतःची जीप, आणि आता डोंगराच्या पायथ्याशी, ठाकरवाडीच्या वर, एक फार्महाऊस. तिथं जायची वाट म्हणजे आधी कोरडा ओढा, मग सुट्या मुरमाची चढण. राहीलचं हसणं त्या चढणीच्या खालपर्यंत ऐकू येतं.

या घरात एक रीत आहे. बाशी ईदला, म्हणजे रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, सासूबाई सगळ्या लेकी-जावयांना एकत्र जेवायला बसवतात, आणि थोरल्या जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. थोरला आलाच नाही तर मान धाकट्याकडे जातो. खलीलभाईंना आयुष्यात ना कुणी व्यासपीठावर बसवलं, ना कुणी हार घातला. तो एक घास त्यांचा होता. वर्षभर ते त्या घासावर काढत.

गेल्या वर्षी राहीलनं दावत फार्महाऊसवर ठेवली. खलीलभाई सफियाभाभींना मागं बसवून स्कूटरवर निघाले. मुरमाच्या चढणीवर स्कूटरचं मागचं चाक गरगर फिरायला लागलं, स्कूटर मागं मागं यायला लागली आणि शेवटी करवंदीच्या जाळीत शिरली. वर सगळी मंडळी उपाशी. राहील जीप घेऊन खाली आला. भाभींना त्यानं जीपमध्ये बसवलं, स्कूटरला दोरी बांधली, खलीलभाईंना म्हणाला, “साडूभाई, तुम्ही फक्त हँडल धरा.” आणि हॉर्न वाजवत, खिडकीतून फोन बाहेर काढून शूटिंग करत, त्यांना वर ओढत नेलं. आयुष्यात नाही इतकी धूळ त्यांनी त्या दिवशी अंगावर घेतली. वर पोहोचले तेव्हा भुवयासुद्धा तांबड्या. पहिला घास त्यांनीच घेतला, पण तो घेताना समोर बसलेलं माणूस न माणूस हसत होतं. सासूबाईसुद्धा. फार्मची राखण करणारा वाडीवरचा चांगो दाराशी उभा होता, तोही. व्हिडिओ खानदानाच्या ग्रुपवर गेला, वर लिहिलेलं: ‘साडूभाईंची वरात’.

“तू पण हसलीस,” खलीलभाई घरी आल्यावर म्हणाले.

“मी कुठं हसले? ठसका लागला मला,” भाभी म्हणाल्या आणि त्यांना परत ठसका लागला.

पुढं सासूबाई मक्केहून उमरा करून आल्या तेव्हाही जेवण तिथंच. खलीलभाईंना त्या दिवशी ताप आला. थर्मामीटरला काही तो दिसला नाही. पहिला घास राहीलनं घेतला, घास हातात धरून फोटो काढला आणि पाठवला: ‘मिस यू साडूभाई’. तो फोटो खलीलभाईंनी मला पळसदरीच्या रस्त्यावर स्कूटर बाजूला घेऊन दाखवला.

“सर, पुढच्या ईदला मी जाणार. माझ्या गाडीवर, माझ्या पायांवर. कुणाचा हात लागणार नाही.”

असे आम्ही त्या शोरूममध्ये पोहोचलो होतो. त्यांना हवा होता सूड, आणि मला हवी होती मागची सीट, कारण रोज कर्जत गाठायचं होतं. मी विपुलला सांगितलं, “रोजच्या जाण्यायेण्यासाठी, आणि कधीमधी थोडं कच्च्या रस्त्यावर.” विपुलनं लगेच आम्हांला सगळ्यात अवजड गाडीसमोर नेलं. दोन्ही अंगांना पेट्या, पुढं काच, मागं आणखी एक पेटी. संसार घेऊन निघालेला उंट. पण मागची सीट! मी बसलो आणि मला निवृत्तीनंतरचे दिवस दिसायला लागले.

“हिच्यावर बसलं ना सर, जीपवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येतं,” विपुल सहज म्हणून गेला.

खलीलभाईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मी मनात म्हटलं, झालं. ते गाडीवर चढले. हँडल धरलं. कुठंतरी लांब, बहुधा राहीलच्या डोळ्यांत, बघत राहिले. मग त्यांनी भाभींना फोन लावला आणि माझ्या पडण्यापासून सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

“बसून काय बघताय?” भाभी म्हणाल्या. “शेजारच्या सरांनी केली ना आडवी, तशी आडवी करून बघा. एकट्याला उचलता आली तर आणा. नाहीतर परत जीप यायची दोरी घेऊन.”

विपुलला आपल्या नोकरीत असली मागणी कधी आली नसावी. पण आडव्या गाडीचं दुःख त्यानं त्या दिवशी आधीच पचवलेलं होतं. त्यानं मागच्या अंगणात गोणपाटं पसरली. उंट आडवा झाला तो झालाच. खलीलभाईंच्या कमरेतून एक आवाज आला आणि तो विषय संपला. मग एक वाळूच्या रंगाची, अंगानं बारीक, बुटक्या सीटची गाडी आणली. इंजिन मध्यम, टायर अर्धे डांबराचे अर्धे मातीचे, मागच्या ब्रेकचं एबीएस कच्च्या रस्त्यावर बंद करायची सोय, आणि सर्व्हिसिंग खोपोलीत. विपुल हे सगळं सांगत होता. खलीलभाईंनी ते ऐकलंसुद्धा नाही. त्यांनी गाडी झोपवली, तिच्याकडं पाठ केली, कंबर सीटला लावली, एका हातात हँडल, एका हातात मागचं कडं, आणि पाय रोवून मागं मागं सरकत तिला उभी केली. एकट्यानं.

“हीच,” ते म्हणाले. कपाळावर घाम, डोळ्यांत राहील.

मागची सीट जेवायच्या पाटासारखी होती. माझं मत विचारलं गेलं नाही.

त्यानंतरचे महिने मी सुडाच्या मागच्या सीटवर काढले. विपुलनं त्यांना सांगितलं होतं की खडबडीत रस्त्यावर सीटवरून उठायचं, फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची. खलीलभाई रस्ता कसा आहे ते न बघता उभे राहायला लागले. रोज सकाळी शिळफाटा ते कर्जत हा प्रतिष्ठित चष्मेवाला उभ्यानं जायचा आणि मागं मी त्याच्या खिशाच्या उंचीवर बसलेला असायचो. दुकानात दोघातिघांनी त्यांना मूळव्याधीवरचे डॉक्टर सुचवले. रविवारी ते एकटे पळसदरीकडच्या कच्च्या वाटांवर जात, पडत, उचलत, आणि परत येऊन गुडघ्याला हळद लावताना भाभींना म्हणत, “आज दोनदाच.” ओरखडे ते पुसत नसत. ते राहीलला दाखवायचे होते.

यंदाची बाशी ईद आली. भाभी आदल्या दिवशीच बहिणीकडं मदतीला गेल्या होत्या. त्यांच्या रिकाम्या जागेवर, पाहुणा म्हणून, मी मागं बसलो. शिवाय मला काम होतं.

“फोन चार्ज आहे ना?” खलीलभाईंनी निघताना विचारलं. “मी पोहोचताना त्याचं तोंड शूट करायचं. माझं नाही, त्याचं.”

वाडी मागं टाकली. ओढ्याच्या अलीकडं चांगो भेटला. त्यानं गाडी वरून खाली पाहिली, आणि मागंही वाकून पाहिलं.

“चष्मेवालं, यंदा दोरी नाय आनली?”

“नाही आणली.”

“मंग राहीलशेट कशानं निघायचा? त्याची जीप बसलीय ना वड्यात. पोटावं.”

खलीलभाईंनी गाडी बंद केली. मला वाटतं त्या क्षणी त्यांनी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र अदा केला. पुढं गेलो तर खरंच, ओढ्याच्या मधोमध, वाट सोडून भलतीकडं, जीप एका थोराड गोट्यावर पोट टेकवून बसली होती. चारही चाकं हवेत, आंघोळीला पायांवर पालथ्या घेतलेल्या बाळासारखी. बाजूला नव्या पांढऱ्या कुडत्यात राहील, हातात दह्याचं भांडं. दही संपलं म्हणून आणायला गेला होता, येताना जवळची वाट काढली होती.

“साडूभाई!” तो ओरडला. “अल्लानंच धाडलं तुम्हांला! मला वर घ्या. अम्मी वाट बघत असतील.”

मी गुपचूप उतरायला लागलो. म्हटलं, मी चालेन.

“बसा!” खलीलभाई म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर चढवलेला तेवढा एकच आवाज. मी बसलो. मग ते राहीलकडं वळले, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा मध परत आला.

“थांबलो असतो रे राहील. पण काय आहे, माझ्याशिवाय वर जेवण सुरू होत नाही.”

आणि ते उभे राहिले. गाडी गोट्यांवरून उड्या घेत निघाली. चढण आली तेव्हा मी डोळे मिटले. मागचं चाक एकदा घसरलं, दोनदा घसरलं, मुरूम उडाला, करवंदीची जाळी उजव्या कानाजवळून गेली, आणि मग एकदम सपाट झालं आणि पुलावाचा वास आला.

सासूबाई दारात आल्या. “राहील कुठंय?”

“येतोय. पायी,” खलीलभाई म्हणाले, हात धुऊन बसले, आणि त्यांनी पहिला घास घेतला. तो घास ते जितका वेळ चावत होते तितक्या वेळात माझ्या शाळेत एक तास संपतो.

आमची जेवणं अर्ध्यावर असताना राहील आला. कुडत्यावर ऑइलचा पट्टा, केसांत गवत. मागं चांगोच्या डोक्यावर दही. खलीलभाईंनी मला कोपर मारलं. मी फोन रोखला. सगळे हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात राहील स्वतःच हसला. असा हसला की पलीकडच्या आंब्यावरचे पक्षी उडाले. मग त्यानं अंगणात पालथं पडून, हातपाय हवेत हलवून जीप कशी बसली ते दाखवलं. इल्मा डोळे पुसायला लागली. भाभींना ठसका लागला.

“आणि आपले साडूभाई!” तो उठत म्हणाला. “उभ्यानं गेले, उभ्यानं! घोडेस्वार! मला सोडून गेले, अन् मी बघतच राहिलो. वाहवा, काय चालवतात!” तो जाऊन मोटरसायकलवरून हात फिरवायला लागला, एकेका ओरखड्यावर बोट ठेवून “वा!” म्हणायला लागला. “मला पण अशीच घ्यायची. तुम्हीच चला निवडायला. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही मी. सर, शूटिंग केलंत? पाठवा, पाठवा.”

आणि ते त्यानं स्वतःच ग्रुपवर टाकलं.

खलीलभाई ताटाकडं बघत होते. मीठ घालायचं राहून गेलेला पदार्थ पाहुण्यासमोर आल्यावर यजमान बघतो तसे. “बघू,” इतकंच म्हणाले.

परतताना ते चढण बसूनच उतरले. हमरस्त्यावर आल्यावर चौकाजवळ त्यांनी गाडी थांबवली आणि हेल्मेटची काच वर केली. मला वाटलं, हीच वेळ आहे.

“खलीलभाई,” मी म्हणालो, “तुमचा घास तुम्हांला मिळाला. तुम्ही आपल्या पायांवर पोहोचलात, तो अडकला, चालत आला, सगळ्यांनी पाहिलं. वर तुमचं कौतुक केलं त्यानं. दिलदार माणूस आहे हो. आता सोडून द्या.”

खलीलभाईंनी काच खाली केली.

“बकरी ईद यायची आहे अजून.”